अँटेनावरची गुढी

परवा मुलाने गच्चीवर नवा अँटेना बसवून घेतला. त्याचं काम घरून चालतं आणि आमच्या माळावर मोबाइलचं नेट आलं तर आलं, नाहीतर ते चक्र दिवसभर गरगरत बसतं. सांगलीहून एक माणूस आला, त्याने पाइप उभा केला आणि हातातल्या फोनकडे बघत अँटेना दोन बोटं इकडे, चार बोटं तिकडे करत बसला. मी खालून म्हणाले, "नट चांगला आवळा हो. आणि पाडव्याला त्याला कुणी गुढी बांधायची नाही, आत्ताच सांगून ठेवते." तो माणूस हसला. मुलगाही हसला, कारण ही गोष्ट त्याने घरात शंभरदा ऐकलीय. पण अर्धीच ऐकलीय. उरलेली अर्धी मी कुणालाच सांगितलेली नाही.

नव्वदीतली गोष्ट आहे. मी सांगलीची, विश्रामबागेत वाढलेली. लग्न होऊन आले ती आटपाडीच्या पूर्वेला, जिथे झाड बघायचं तर एसटीने जावं लागे अशा गावात. आमचे हे जनावरांच्या दवाखान्यात कंपौंडर. सरकारी नोकरी, घर स्लॅबचं, घरात सासूबाई आणि आम्ही दोघं. माझं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं, फिजिक्सचं. स्थळ चांगलं होतं, वडिलांना घाई होती, मी काही बोलले नाही. मला कुणी विचारलं की मी सांगायचे, "वेळच नव्हता हो, सगळं चार दिवसांत ठरलं." ते खरं वाटावं म्हणून जरा हसून सांगायचे.

गावात एकच फोन होता आणि तो आमच्या घरी होता, कारण आमचं घर टेकाडावर. हा फोन तारेचा नव्हता. इतक्या लांब माळावर तारा ओढणं परवडायचं नाही, म्हणून खात्याने रेडिओवर चालणारा फोन दिला होता. कोनाड्यात खोक्याएवढं यंत्र, खाली बॅटरी, आणि छपरावर लोखंडी पाइपाच्या टोकाला आडव्या कांड्यांचा अँटेना. त्याचं तोंड आटपाडीच्या टॉवरकडे असलं की यंत्रावर हिरवा दिवा लागे. तोंड जरा फिरलं की लाल, आणि कानात नुसती खरखर. बसवायला आलेल्या माणसाने मला बजावलं होतं, "ताई, वर हात लावायचा नाही." मी त्याला ऐकवलं, "अहो, मी फिजिक्सची आहे." काय तो रुबाब! पुढे त्या वाक्याने माझी चांगलीच जिरवली.

त्या फोनवर गाव जीव टाकायचं. आमच्या भागातले पुरुष गलाईच्या धंद्यात. जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवून शुद्ध करून द्यायचं, असा तो धंदा. घरातला कर्ता माणूस तमिळनाडूत नाहीतर केरळात दुकान टाकून बसलेला, आणि बायका-पोरं, म्हातारी माणसं, मेंढरं इथे. माणूस वर्षातून एकदा यायचा, जत्रेला. बाकी सगळा संसार पत्रावर आणि या खोक्यावर. फोन आला की मी गच्चीवर जाऊन त्या त्या घराच्या दिशेने हाक मारायची. बाई धावत यायची, पदराने तोंड पुसायची आणि मग इतक्या जोरात बोलायची की आमचे हे म्हणायचे, "हिला फोन कशाला पाहिजे, तमिळनाडूला तसंच ऐकू जाईल." कुणाची म्हैस व्याली, कुणाची नणंद रुसली, सगळं मला तोंडपाठ. मी कान बंद करून बसायचे असं सांगितलं तर ते साफ खोटं होईल.

समोरच्या घरातली मुलगी बारावीला होती. रोज एसटीने आटपाडीला कॉलेजला जायची आणि संध्याकाळी गणितं घेऊन माझ्याकडे बसायची. मला काय, तेवढाच विरंगुळा. हुशार होती, पण बोलणं कमी. एक वाक्य बोलायची तर आधी वहीचा कोपरा चार वेळा दुमडायची. तिला नर्स व्हायचं होतं. मिरजेला शिकायची सोय होती, फॉर्म तिने माझ्याच टेबलावर बसून भरला होता. परीक्षा संपली आणि तिच्या आजोबांनी, गाव त्यांना आबाच म्हणायचं, तिचं लग्न ठरवून टाकलं. मुलगा गलाईतलाच, केरळात दुकान. पाडव्याच्या दिवशी चार वाजता पाहुणे येणार, सुपारी फुटणार. सुपारी फुटली की आमच्याकडे देव आला तरी लग्न मोडत नाही.

हे थांबवू शकत होता तो एकच माणूस, तिचा बाप. तो होता तमिळनाडूत. आबा घरात कुणाचं ऐकत नसत, पण मिळवत्या लेकाचा शब्द मोडत नसत. मुलीने बापाला पत्र लिहिलं, मला न दाखवता. त्याचं उलट पत्र आलं ते तिने मला दाखवलं. चारच ओळी होत्या. पाडव्याला भट्टी बंद असते, दहा वाजता फोन करतो, तू स्वतः बोल.

"काकी," ती म्हणाली, "मी बोलंन का वो?"

"बोलशील नाहीतर काय करशील? फोन तर माझ्या घरात आहे. काळजी कसली करतेस?" मी म्हणाले.

पाडव्याच्या दिवशी सकाळी गुढीची काठी काढली तर तिला वाळवी लागलेली. हातात धरली आणि मधोमध मोडली. सासूबाईंचा चेहरा पडला. आमचे हे घरात नव्हते. कुणाची तरी मेंढरं फुगली म्हणून पहाटेच मोटरसायकल काढून गेले होते. सणाच्या दिवशी कुणाच्या दारात काठी मागायला जायचं मला जिवावर आलं. माहेरी आमची गुढी आख्ख्या गल्लीत उंच असायची, वडिलांचा त्यात मोठा मान. मी वर बघितलं. गावातला सगळ्यात उंच खांब माझ्याच डोक्यावर उभा.

मी पाण्याच्या टाकीवर चढले. मोडलेल्या काठीचा धड तुकडा सुतळीने पाइपाला करकचून बांधला. माझं लग्नातलं जरीचं पातळ, कडुलिंबाचा डहाळा, साखरेची गाठी, वर तांब्याचा गडू पालथा. गडू बरोबर अँटेनाच्या तोंडाशी आला. रस्ता त्याच बाजूला होता आणि गुढी रस्त्यावरून दिसायला नको का? खाली उतरून बघितलं तर ऊर भरून आला. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "लय भारी दिसतीया." त्यांच्या तोंडून कौतुक म्हणजे वर्षातून एकदा, तेही सणाला.

मुलगी नऊलाच येऊन बसली. नवं परकर-पोलकं नाही, काही नाही, कॉलेजचाच ड्रेस, हातांना घरच्या स्वयंपाकाची हळद. दहा वाजले. फोन नाही. सव्वादहा. मी कोनाड्यात डोकावले तर लाल दिवा. झालं, माझं तोंड सुटलं. "सणासुदीला सुद्धा यांना नीट चालवता येत नाही! बॅटरीचं पाणी संपलं असेल. नाहीतर आटपाडीला सगळे पुरणपोळी खाऊन झोपले असतील." मी बॅटरी तपासली, तारा हलवल्या, यंत्रावर दोन चापट्या मारल्या. रिसीव्हर कानाला लावला तर खर्र खर्र. मुलगी घड्याळाकडे बघायची आणि ओढणीचं टोक दुमडायची.

अकरा वाजून गेले. वारा वाढला होता. आमच्या माळावरचा वारा दुपारी अंगात आल्यासारखा करतो. पातळ फडफडत होतं, त्याचा आवाज खाली घरात येत होता. मी अंगणात गेले, वर बघितलं. पातळात वारा भरला होता आणि त्या ओढीने सबंध पाइप फिरला होता. अँटेना आटपाडीकडे पाठ फिरवून उगवतीला हात जोडून उभा, आणि तोंडाशी तांब्याचा गडू. फिजिक्सवाली बाई! मी कपाळावर हात मारून घेतला. खात्याला, बॅटरीला, आटपाडीच्या पुरणपोळीला, सगळ्यांना शिव्या देऊन झाल्या होत्या, आणि केलं होतं मी.

शिडीकडे धावले तर सासूबाई शिडीच्या तोंडाशी.

"गुढी उतरवायची न्हाई."

"आत्याबाई, फोन बंद पडलाय तिच्यामुळे. पोरीचा बाप दहापासून लावत असेल."

"दिस मावळल्याबिगर गुढीला हात लावायचा न्हाई. ह्यांच्या वक्ताला भर दुपारी वाऱ्यानं पडली हुती गुढी. म्हाईत हाय न्हवं काय झालं ते?"

मला माहीत होतं. त्याच वर्षी सासरे गेले. गुढीचा आणि हृदयविकाराचा काय संबंध, हे मी एरवी तासभर समजावून सांगितलं असतं. पण त्यांचा मुलगा, माझा नवरा, त्या वेळी मोटरसायकलवर कुठल्या वाडीच्या वाटेला होता आणि त्यांनी शिडीचा दांडा घट्ट धरून ठेवला होता. खरं सांगते, माझाही पाय शिडीवर चढेना. एवढी शिकलेली, पण मनात आलंच, आणि काही झालं तर? मला माझाच राग आला. तरी मी उभीच.

किती वेळ गेला कोण जाणे. मग मुलगी बाहेर आली. पायात चपला घातल्या.

"जाते आज्जी. घरी पुरण वाटायचं ऱ्हायलंय. पाव्हणं येतील."

एवढंच म्हणाली. रडली असती, भांडली असती तर सासूबाई हलल्या नसत्या, मी त्यांना ओळखते. पण ती पुरण वाटायला निघाली. सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "थांब तितं. कुठं निघालीस? बस फोनपाशी." आणि आत गेल्या.

बाहेर आल्या त्या ताट घेऊन. हळद-कुंकू, गूळ, वाटीत धने. नऊवारीचा काष्टा खोचला आणि शिडी चढायला लागल्या. मी म्हणाले, "अहो आत्याबाई, पडाल!" त्यांनी ऐकलं नाही, मग मीही मागोमाग चढले. वर येऊन त्यांनी गुढीला हळद-कुंकू वाहिलं, गुळाचा नैवेद्य दाखवला, हात जोडले. हे सगळं संध्याकाळी गुढी उतरवताना करायचं असतं. सूर्य नेमका डोक्यावर होता. त्यांनी त्याच्याकडे एकदा बघितलं, डोळे मिटले.

"उतरव," म्हणाल्या. "दिस मावळला म्हनून समज. माज्या लेकाचं काय व्हायचं ते माज्या नावावर हुंदे."

मी टाकीवर चढले. पातळ ओढून काढलं, गडू काढला, काठी सोडली. पाइप हाताने फिरवत आणला. "लागला का गं हिरवा?" सासूबाई गच्चीवरून ओरडत होत्या. "न्हाई... न्हाई... लागला! लागला!" खालून आवाज आला. मी हात सोडला तसा वाऱ्याने पाइप परत फिरला. नटाचा आटा पार गेला होता. पाना आमच्या ह्यांच्या गाडीच्या पेटीत. दुसरा इलाज नव्हता. मी पाइपाला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि आटपाडीकडे तोंड करून उभी राहिले. लोखंड तापलेलं, तळवे भाजत होते. बारा, साडेबारा. बाप कंटाळून गेला असेल, हेच डोक्यात. तो काही खोलीत बसून फोन करत नव्हता, बूथवर रांगेत उभा असणार. नंतर कळलं, त्याने तीनदा लावून बघितलं होतं आणि पुढची खेप शेवटची म्हणून लावली होती.

घंटी वाजली. ती तेवढी वर ऐकू आली, बाकी काही नाही. वारा कानात नुसता घोंगावत होता. गावातला एकूण एक फोन मी ऐकलेला, आणि नेमका हाच ऐकू येईना! खाली ती काय बोलतेय, बोलतेय तरी का, की वहीचा कोपरा दुमडत गप्प बसलीय, काही कळेना. मी मनात म्हणत होते, बोल बाई, बोल, माझे हात भाजताहेत. सासूबाई टाकीच्या सावलीत बसून होत्या. त्यांनी भाकरीच्या फडक्याने माझे हात पाइपाला गुंडाळून दिले.

दहा-बारा मिनिटांनी मुलगी अंगणात आली. वर बघून म्हणाली, "काकी, दोन वाजता परत लावनार हाय बा. आबांस्नी बोलवून ठेव म्हनला."

"तू बोललीस का पण?"

"बोलले."

"काय बोललीस?"

"सगळं," ती म्हणाली आणि हसली. त्या मुलीला तसं हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

दोन वाजता आबा आले. पटका बांधून, पाहुण्यांसाठी तयार झालेले. ते आत गेले आणि मी पुन्हा पाइपाला चिकटले. याही वेळी वर काही ऐकू येईना. सासूबाई सावलीतच होत्या, गाठीतली साखर मोडून तोंडात टाकत. एकदम म्हणाल्या, "तुज्या बाच्या घरात फोन हुता न्हवं, लगीन ठरलं तवा?"

"होता."

"चांगला चालायचा?"

"चांगला म्हणजे... तारेचा होता. स्वच्छ आवाज यायचा."

"आनि बा तुजा मिरजंच्या हापिसात. तितं बी फोन असल."

"होता."

त्यांनी गाठीचा आणखी एक तुकडा मोडला. टोमणा मारायचा असता तर त्यांना काय कमी होतं, पण तो टोमणा नव्हता. मी अँटेनाकडे बघत राहिले. हात सोडून कुठे जाताही येत नव्हतं. माझ्या वेळी पाहुणे बघून गेल्यावर मधे पुरता एक दिवस होता. मी फोनशेजारीच बसून होते. वडिलांच्या ऑफिसचा नंबर पाठ होता. मला वर्ष पुरं करायचं होतं, एवढंच वाक्य होतं. मी फोन पुसला, त्यावर विणलेला रुमाल नीट घातला आणि भाजी चिरायला गेले.

आबा बाहेर आले. पटका हातात. रस्त्याला लागले, मग थांबून त्यांनी वर बघितलं.

"गुढी कुनी उतरीवली?"

"म्या," सासूबाई म्हणाल्या. मी तोंड उघडायच्या आत.

आबांनी मान हलवली आणि गेले. चार वाजता पाहुणे आले, पुरणपोळी जेवले, तोंडभर आशीर्वाद देऊन सुपारी न फोडता परत गेले. मुलगी मिरजेला शिकली. आज ती कुठल्या दवाखान्यात मोठी सिस्टर आहे ते सांगत नाही, पण माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन रात्री ती माझ्या उशाशी होती.

मुलगा आणि सून ऐकतात ती गोष्ट इथे संपते. भाजलेले हात, फिजिक्सवाली बाई, सगळे हसतात. उरलेली अर्धी अशी.

संध्याकाळी आमचे हे सुखरूप घरी आले. सासूबाईंनी त्यांच्यावरून मीठ-मोहरी ओवाळून टाकली आणि त्यांना काहीएक सांगितलं नाही. त्यांनी पाना घेतला, नवा नट घातला, अँटेना पक्का केला. हिरवा दिवा लागला तो लागूनच राहिला. घरात कुणी नाही असं बघून मी विश्रामबागेचा नंबर फिरवला. वडिलांनीच उचलला. पाडव्याचा नमस्कार केला. श्रीखंड झालं का, गुढी उंच होती का, असलं बोलून झालं. मग मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"काय गं," वडील म्हणाले, "आज आवाज अगदी समोर बसल्यासारखा येतोय. नेहमी किती खरखर असते."

"हो. अँटेना नीट केला."

"बोल ना मग. काही बोलायचं होतं?"

त्यांनी विचारलं हो. इतक्या वर्षांनी का होईना, विचारलं. सतरा वर्षांची पोर त्या दुपारी त्याच रिसीव्हरमध्ये सगळं बोलली होती आणि रिसीव्हर अजून तिच्या हाताला लागलेल्या हळदीने पिवळा होता. मी तो पदराने पुसला.

"नाही हो, बाबा. सहजच केला होता," मी म्हणाले आणि फोन ठेवला. मग कोनाड्याशी उभी राहून रडले. राग वडिलांचा नव्हता. दिवा हिरवाच होता.